दुर्बीण सरांचा डावा मोजा

"कॉपी करणारं पोर मला नुसत्या चालीवरून कळतं!" हे दुर्बीण सरांचं आवडतं वाक्य. परीक्षेच्या दिवशी ते शाळेच्या फाटकाशी उभे राहत आणि येणाऱ्या मुलांची चाल बघत. ज्याच्या मोज्यात चिठ्ठी आहे तो पाय जपून टाकतो, ज्याच्या बाहीत आहे तो हात हलवत नाही, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो रडवेला असतो, असं त्यांचं साधं शास्त्र होतं. या शास्त्राने त्यांना कधी दगा दिला नाही.

दुर्बीण हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. स्टाफरूममधल्या त्यांच्या कपाटात पकडलेल्या चिठ्ठ्यांचं संग्रहालयच होतं म्हणा ना. पेनच्या नळीत गुंडाळलेल्या चिठ्ठ्या, पट्टीच्या पाठीवर कोरलेली सूत्रं, आणि एक खोडरबर, ज्याच्या सगळ्या बाजूंवर मिळून अख्खी भूमिती मावली होती! नवीन शिक्षक रुजू झाला की सर त्याला ते खोडरबर दाखवत आणि हळहळत, "अक्षर बघा गाढवाचं! एवढी मेहनत अभ्यासात घेतली असती तर पहिला आला असता!"

चिठ्ठी सापडली नाही तर त्यांच्याकडे दुसरं हत्यार होतं. गृहपाठाच्या वहीत एखाद्या ढ मुलाचं गणित बिनचूक दिसलं की ते अगदी मधाळ आवाजात म्हणत, "वा! अगदी बरोबर! ये, फळ्यावर सगळ्यांना करून दाखव." मग त्या मुलाचा चेहरा असा व्हायचा, जसा उन्हात ठेवलेला बर्फ. पाठोपाठ सबबी सुरू. पण सबबींना सर भीक घालत नसत. "माझ्या तासाला कुणाचं पोट दुखत नाही," ते वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करत, "आणि परीक्षेच्या आठवड्यात कुणाची आजी मरत नाही. नीट लक्षात ठेवा!"

असा हा गणिताचा वाघ. त्याला त्या वर्षी एकच गोष्ट हवी होती. उपमुख्याध्यापकांची खोली.

आधीचे उपमुख्याध्यापक निवृत्त झाले होते आणि त्यांची गोल फिरणारी खुर्ची रिकामी पडली होती. सर येता-जाता दारातून त्या खुर्चीकडे बघत. एकदा तर आत जाऊन एक गिरकीही घेऊन आले होते. पण त्या खुर्चीवर विज्ञानाच्या बाईंचाही डोळा होता. दोघांची नोकरी सारखी, दोघांचे निकाल सारखे. मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेतल्या सगळ्यांच्या मोठ्या बाई, पेचात पडल्या. तेवढ्यात संस्थेच्या अध्यक्षांनी सभेत जाहीर केलं की आजचा शिक्षक जागतिक पाहिजे! जागतिक म्हणजे नेमकं काय हे विचारायची सभेत पद्धत नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशातल्या एका संस्थेत शिक्षकांचा अभ्यासवर्ग होता, त्यासाठी शाळेतून एक नाव जायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या आणि सरांचं नाव निघालं. "प्रमाणपत्र घेऊन या," मोठ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे मला अध्यक्षांपुढे बोलायला तोंड राहील."

घरी आल्यावर सरांनी बातमी सांगितली ती उभ्यानंच. बायकोला आनंद झाला आणि ती लगेच बॅग शोधायला माळ्याकडे वळली. आत्यानं मात्र चष्म्यावरून पाहिलं. ही सरांची आत्या. आईवडिलांच्या मागे तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. जन्मभर टेलिफोन खात्यात काढल्यामुळे आवाज खणखणीत आणि चार देशांच्या भाषा कामापुरत्या अवगत.

"म्हणजे बाळ्या, सगळ्या पोरांना सुट्टी आणि तू शाळेत?"

"अगं शाळेत नाही, प्रशिक्षणाला."

"शिकायलाच ना?"

"शिकायला. पण खरं सांगू का आत्या, त्यांनाच चार गोष्टी शिकवून येईन!"

"बघ हो," आत्या म्हणाली, "पाटीवर पाणी शिंपडून घे आधी."

परदेशातली ती संस्था मोठी टापटीप होती. काचेची दारं, मऊ गालिचे, आणि वर्गात एकही बाक नाही! खुर्च्या गोल मांडलेल्या. सरांना पहिला धक्का इथेच बसला, कारण गोलात मागचा बाक कुठला आणि पुढचा कुठला तेच कळेना. देशोदेशीचे शिक्षक जमले होते आणि सगळे आपापल्या वर्गात वाघ असावेत, कारण प्रत्येक जण दुसऱ्याला गप्प करू बघत होता.

शिकवणाऱ्या बाई सरांच्या माजी विद्यार्थिनी शोभतील एवढ्याच वयाच्या, पायात पळायचे बूट. पहिला अख्खा दिवस रंगीत कागद भिंतीला चिकटवण्यात गेला. 'आज तुम्हाला कसं वाटतंय?' याचं उत्तर रंगात द्यायचं होतं. सरांनी करडा कागद उचलला. बाई म्हणाल्या, "किती धाडसी रंग!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खरा बेत सांगितला. "या वर्गात व्याख्यानं नाहीत. तुम्ही सगळे फार वर्षं शिकवताय, त्यामुळे न येणं म्हणजे काय हे विसरलाय. म्हणून प्रत्येकानं आयुष्यात कधी न केलेली एक गोष्ट शिकायची. हजेरी, गृहपाठ, परीक्षा, पालकसभा, सगळं शाळेसारखं. आणि रोज रात्री एक पानभर चिंतन लिहायचं, आज शिकताना मला काय वाटलं. शेवटी जो शिकलेली गोष्ट स्वतः सादर करील, त्यालाच प्रमाणपत्र!"

पुन्हा चिठ्ठ्या. कुणाला पोहणं आलं, कुणाला व्हायोलिन. सरांच्या चिठ्ठीवर होतं, लोकरीचे पायमोजे विणणे.

"बदलून मिळेल का?" सरांनी विचारलं.

"बघा, नकोसं वाटणं हीच शिकण्याची पहिली पायरी!" बाई म्हणाल्या. पुन्हा टाळ्या.

सर गणिताचे माणूस. ते घाबरले नाहीत. त्यांनी आधी स्वतःच्या घोट्याचा घेर मोजला, टाके किती लागतील ते काढलं, टाचेच्या वळणासाठी समीकरण मांडलं आणि कागदावर असा निर्दोष मोजा तयार केला की तो घालून चालू पडावं! मग सुया हातात घेतल्या. लोकरीला गणित मान्य नव्हतं. टाके निम्मे गळाले, उरलेले एकमेकांत गुंतले, एक सुलट घालायला जावं तर दोन उलट पडत. आठवडाभराच्या मेहनतीनंतर सुईला जे लोंबत होतं ते पाहून पक्ष्यानंसुद्धा अंडी घालायला नकार दिला असता.

बाईंनी ते सगळ्यांना उंच धरून दाखवलं. "किती सुंदर चूक आहे ही! या चुकीचा आपण उत्सव करू या!"

टाळ्या! सरांनी आयुष्यात मुलांना पट्टीनं मारलं होतं, कोंबडा केलं होतं, वर्गाबाहेर उभं केलं होतं. पण माणसाला टाळ्यांनी इतकं सोलून काढता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कुठल्याशा देशाचे एक हेडमास्तर बसत. कपाटाएवढा देह, झुपकेदार मिशी, हाताचे पंजे म्हणजे फावडी. त्यांनाही विणकामच आलं होतं. पण त्या फावड्यांत सुया अशा चालायच्या, जशा दोन चिमण्या दाण्यावरून भांडताहेत! मिशीवाल्यांना विणकाम कुणी शिकवावं लागलंच नाही. त्यांचं दुखणं वेगळं होतं. चिंतन लिहायला बसले की त्यांना घाम फुटायचा. समोर कोरा कागद आणि हे त्याच्याकडे असे बघत, जसा बैल पंचांगाकडे.

"तुम्ही रोज काय लिहिता हो एवढं?" त्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत सरांना विचारलं.

"त्यात काय? 'आज माझ्या आतलं मूल जागं झालं.' 'चूक हे दार आहे.' दार झालं की दुसऱ्या दिवशी खिडकी लिहायची."

मिशीवाल्यांचे डोळे भरून आले. "मला नाही हो असलं सुचत. मला वाटतं, आज मोजा विणला. संपलं!"

सरांची नजर फावड्यांवर गेली, मिशीवाल्यांची सरांच्या पेनावर. असल्या वेळी फार बोलावं लागत नाही. शाळेत मागच्या बाकावरचे व्यवहार असेच मुकाट्याने ठरतात.

तरी सरांचं मन लगेच धजावलं नव्हतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण त्याच दिवशी बायकोचा फोन आला. "अहो, विज्ञानाच्या बाई उपमुख्याध्यापकांच्या खोलीत दिसल्या म्हणे. टेप घेऊन."

"टेप कशाला?"

"खिडकीला पडदे लावायचेत, त्याचं माप!"

झालं! त्या दिवसापासून सर दोन चिंतनं लिहू लागले आणि मिशीवाले दोन मोजे विणू लागले. सरांनी त्यात आपलं सगळं शास्त्र ओतलं. मिशीवाल्यांच्या चिंतनात मुद्दाम थोड्या चुका ठेवल्या. मिशीवाल्यांना बजावलं, की माझ्या मोज्यात एखादा टाका वाकडा घाला, फार सरळ नको, संशय येतो. आणि मोजा वर्गात नेताना सर तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवून दोन्ही हात छान हलवत गेले. चालीवरून कुणाला कळू नये म्हणून!

पण मिशीवाल्यांच्या हाताला वाकडा टाका माहीतच नव्हता. कारागीर माणूस, त्याला चूक करायला सांगणं म्हणजे माशाला बुडायला सांगणं. मोजा असा उतरला होता की दुकानदारानं काचेत ठेवावा.

बाईंनी तो हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. त्यांचा चेहरा उजळला आणि अगदी मधाळ आवाजात त्या म्हणाल्या, "वा! अगदी बरोबर! या, पुढे येऊन सगळ्यांना करून दाखवा."

सरांच्या कानात शिट्टी वाजली. हे वाक्य त्यांच्या मालकीचं होतं!

"आत्ता?"

"आत्ताच! फक्त टाच वळवून दाखवा."

"चष्मा विसरलो," सर म्हणाले.

"तो तुमच्या नाकावर आहे."

"हा लांबचा. जवळचा विसरलो."

बाईंनी आपला दिला. नेमका तो सरांना लागू पडला! आता सगळा गोल त्यांच्याकडे पाहत होता. हातात सुया आल्या आणि सरांच्या तोंडून शब्द निघाले, "बाई, पोटात दुखतंय."

आणि नवल म्हणजे पोटात खरंच दुखत होतं! बेंबीपासून कळ निघून घशापर्यंत येत होती. इतकी वर्षं मुलं हे सांगत आली आणि इतकी वर्षं ती खोटं बोलतात असं सर समजत आले. पुढचा विचार सुचायच्या आत बाईंनी त्यांना आरामाच्या खोलीत नेऊन निजवलं, पांघरूण घातलं, गरम पाण्याची पिशवी दिली. संशय नाही, उलटतपासणी नाही! दरडावलं असतं तर सर खरं बोलून मोकळे झाले असते. पण जिथे सगळ्यावर विश्वास ठेवतात तिथे माणसानं खरं बोलायला सुरुवात तरी कुठून करावी?

"उद्या दाखवा हं," बाई जाताना प्रेमानं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मनगट मुरगळलं होतं. तिसऱ्या दिवशी लोकरीची ॲलर्जी निघाली. चौथ्या दिवशी बाई दारातच हसून उभ्या होत्या आणि सरांच्या सबबींचा डबा रिकामा होता. अगदी तळाशी एकच उरली होती, मुलांची हुकमाची. पण या वयात आजी कुठून आणायची? दोन्ही आज्या कधीच रीतसर वारल्या होत्या. जीभ क्षणभर अडखळली आणि मग घरात जी हाताशी होती तिच्यावर घसरली.

"माझी आत्या गेली," सर म्हणाले.

सगळा गोल उठून उभा राहिला. मिशीवाले तर हुंदके देऊन रडू लागले. त्यांनाही आत्यानंच वाढवलं होतं म्हणे. बाईंनी सरांचे दोन्ही हात धरले. "तुम्ही काहीही करून दाखवायचं नाही. हा मोजा त्यांच्या आठवणीत विणलात ना? मला कळलं होतं. त्यात माया दिसते!" आणि त्यांनी तो मोजा वर्गाच्या भिंतीवर, बरोबर मध्यभागी टांगला. खाली फुलं ठेवली. सरांना येता-जाता आत्याचा म्हणून तो मोजा बघावा लागू लागला.

इथवर आलेलं संकट इथेच थांबलं असतं. पण ती संस्था टापटीप होती ना! कार्यालयानं तत्परतेनं सरांच्या शाळेला शोकसंदेश पाठवला.

पुढचं सगळं सरांना बायकोनं फोनवर सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती की रडत होती हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही. झालं असं, की संध्याकाळी मोठ्या बाई, विज्ञानाच्या बाई आणि शाळेतले चार शिक्षक, सगळे चेहरे पाडून दारात उभे. बायको बाजारात गेलेली. दार आत्यानंच उघडलं.

"कळलं," मोठ्या बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "फार वाईट झालं."

"काय झालं?" आत्या म्हणाली.

"सरांच्या आत्या गेल्या ना!"

"कुठे?"

"म्हणजे, वारल्या."

आत्यानं थोडा विचार केला. "पण त्याला एकच आत्या आहे."

"हो ना. त्याच."

"असं होय," आत्या म्हणाली. "मग आत या, बसा. चहा टाकते."

विज्ञानाच्या बाईंनी आणलेली फुलं परत न्यायची कशी, हा प्रश्न पडला. आत्यानं ती त्यांच्या हातातून घेऊन फुलदाणीत लावली. चहा सगळ्यांनी मुकाट्यानं घेतला. जिच्या समाचाराला आलो तिनंच दिलेल्या चहात साखर कमी आहे हे सांगणार कोण?

मग फोन आत्यानं घेतला.

"बाळ्या."

"आत्या, मी सगळं सांगतो..."

"सगळं नको. एवढंच सांग, मी गेले कशानं?"

"आत्या!"

"नाही रे, शेजारीपाजारी विचारताहेत. मला माहीत नको?"

सरांनी आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, "झोपेत."

"बरं केलंस," आत्या म्हणाली. "त्रास झाला नाही म्हणायचा. आणि ती पालकसभा कधी आहे रे तुमची? सूनबाई सांगत होती, पडद्यावर बोलायचं असतं म्हणून."

सरांच्या हातून फोन निसटला. पालकसभा! ती ते साफ विसरले होते.

पालकसभेच्या दिवशी सरांनी आजारी पडून पाहिलं. पण पोटदुखीची गोळी बाईंच्या खिशात तयारच होती. वर्गात मोठा पडदा लावला होता. एकेकाच्या घरचं माणूस त्यावर येई आणि बाई त्याला प्रगती सांगत. सरांची पाळी आली. पडद्यावर आधी बायको दिसली, तिच्या शेजारी शाळेतर्फे आलेल्या मोठ्या बाई, आणि मधोमध इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसून, आत्या.

"तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," बाई पडद्याला म्हणाल्या. "आपण यांच्या कोण?"

"आत्या," आत्या त्यांच्या भाषेत खणखणीत म्हणाली. टेलिफोन खात्याचा आवाज, वर्गाच्या काचा थरथरल्या.

"अच्छा, म्हणजे दुसऱ्या आत्या!"

"छे! पहिली आणि शेवटची."

मिशीवाल्यांनी किंकाळी फोडली आणि ते खुर्चीसकट मागे सरकले. बाईंनी भिंतीवरच्या मोज्याकडे पाहिलं, खालच्या फुलांकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं.

"घाबरू नका," आत्या म्हणाली. "पोर वाईट नाही. पहिल्यापासून असाच आहे. चौथीत गणिताच्या पेपरच्या दिवशी यानं मामाला मारलं होतं. मामा अजून सायकल चालवतो."

गणिताच्या पेपरला! मोठ्या बाईंनी पडद्यावर चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. सरांना ती फिरणारी खुर्ची स्पष्ट दिसली. ती गरगर फिरत दूर चालली होती आणि तिच्यावर विज्ञानाच्या बाई पडदे शिवत बसल्या होत्या.

तेवढ्यात मिशीवाले उठले. आत्या जिवंत आहे या आनंदानं त्यांचं मन इतकं भरून आलं होतं, की त्यात जे होतं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. "मोजा मी विणलाय!" ते गरजले.

"आणि तुमचं चिंतन?" बाईंनी विचारलं.

मिशीवाल्यांनी सरांकडे बोट दाखवलं.

बाई मटकन खाली बसल्या. "पण ते चिंतन वाचून मी रडले होते! 'चूक हे दार आहे.' ते मी संचालकांना पाठवलं. त्यांनी पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापलंय! पाच हजार प्रती निघाल्या!"

वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. नेमक्या त्याच वेळी सरांच्या हातून विणायची सुई पडली.

"शिक्षा काय देता तुमच्याकडे?" आत्यानं पडद्यावरून विचारलं.

"आम्ही शिक्षा देत नाही," बाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "चिंतन लिहायला सांगतो."

"ते नको. त्याला ते फार येतं. मी सांगते. बाळ्या, ज्या मोज्यांपायी मी गेले, ते मला घालायचेत. दोन्ही. तुझ्या हातचे. माझे पाय गार पडतात हे तुला ठाऊक आहे."

पुढचा आठवडा सर जेवायलासुद्धा नीट गेले नाहीत. विणत आणि उसवत, उसवत आणि विणत. एकदा त्यांनी अर्धी टाच बाईंना दाखवली. सवयीनं बाई म्हणणार होत्या की किती सुंदर चूक, पण सरांचा चेहरा पाहून थांबल्या. खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "हे चुकलंय," त्या म्हणाल्या. "उसवा. इथला टाका मागून घ्यायचा. बघा, असा."

सरांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना काहीतरी शिकवलं होतं.

अभ्यासवर्ग संपला तेव्हा त्यांच्या हाती एक मोजा होता. आकार पिशवीचा, घोटा तिरका, पण टाच वळलेली! एकाच मोज्यावर प्रमाणपत्र मिळेल असं सरांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण संस्थेपुढेही पेच होता. पहिल्या पानावर ज्याचं चिंतन छापलं त्याला नापास कसं करायचं? संचालकांनी दोन बैठका घेतल्या आणि मार्ग काढला. प्रमाणपत्रावर सोनेरी अक्षरांत आलं, की या सहभागी शिक्षकानं विद्यार्थ्याची भूमिका इतक्या खोलवर आत्मसात केली, की इतक्या वर्षांत असा दुसरा विद्यार्थी संस्थेला लाभलेला नाही.

ते प्रमाणपत्र सरांनी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"बाई, विज्ञानाच्या बाईंनाच द्या ती खोली," ते म्हणाले. "तुम्ही सगळं बघितलंयत."

"बघितलं म्हणून तर म्हणते," मोठ्या बाई म्हणाल्या. "अध्यक्षांनी सोनेरी अक्षरं पाहिली, वाचली नाहीत. ते खूश आहेत. आणि मला विचाराल, तर उपमुख्याध्यापकाला काम काय असतं हो? दिवसभर सबबी ऐकायच्या. पोरांच्या, पालकांच्या, आणि सगळ्यात जास्त आपल्या शिक्षकांच्या. इतकी वर्षं तुम्ही ऐकल्यात. आता स्वतः सांगूनही आलात. दोन्ही बाजूंचा एवढा अनुभव दुसऱ्या कुणाला आहे, सांगा!"

सर काहीतरी बोलणार होते. पण बाईंनी किल्ली पुढे सरकवली. "आणि पडदे काढू नका. विज्ञानाच्या बाईंनी मापून शिवलेत. त्यांना वाईट वाटेल."

अशी ती खुर्ची मिळाली. पहिल्याच दिवशी सातवीतली एक मुलगी पोट धरून आली. सरांच्या तोंडावर जुनं वाक्य आलं होतं, "माझ्या तासाला कुणाचं..." पण ते तिथेच विरलं. "बस," सर म्हणाले. "फळ्यावर बोलावलं होतं का?" मुलीनं मान डोलावली. "खरंच दुखतं ते," सर म्हणाले. "मग चल, मी येतो बरोबर. दोघं मिळून सोडवू." बातमी मधल्या सुट्टीत शाळाभर पसरली. त्या आठवड्यात शाळेतल्या आज्यांवर अशी साथ आली की काही विचारू नका! एकाच घरातल्या तीन-तीन गेल्या. सर निमूटपणे ऐकत, आणि फक्त एवढंच विचारत, "चहा कोण टाकतंय मग घरी?" निम्मी मुलं तिथेच हसून कबुली देत.

एकूण सर सुधारले असं म्हणायला हरकत नाही. मलाही लिहिताना तसंच वाटत होतं. पण परवाच त्यांच्या घरी जाणं झालं. आत्या खुर्चीत बसली होती. तिच्या डाव्या पायात तो पिशवीसारखा मोजा होता. उजवा पाय उघडा.

"बाळ्या," तिनं हाक मारली, "दुसरा मोजा कुठाय रे? सहा महिने झाले!"

सर वर्तमानपत्रामागे होते. तिथूनच उत्तर आलं, अगदी सहज, काही विचार न करता.

"आत्या, पूर्ण केलाय गं. घरी विसरलो."